सरसकट किल्ली नको, वॉरंट आणा



दहशतवाद रोखायचा म्हणून तुमच्या-माझ्या फोनचं कुलूप सैल करावं, ही मागणी आता भाषणांपुरती उरलेली नाही. ती नियमांत उतरली आहे. एखादा संदेश देशात सर्वांत आधी कुणी पाठवला ते शोधून देण्याची सोय ठेवा, असं २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना बजावलं. त्याविरुद्धचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात रेंगाळला आहे. मग २०२३चा दूरसंचार कायदा आला आणि त्याच्या पाठोपाठ डिसेंबर २०२४ मध्ये संदेश अडवून वाचण्याचे नवे नियम आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेसेजिंग ॲप सिमकार्डाला जखडून ठेवण्याचा आदेश निघाला. प्रत्येक पाऊल सुटं पाहिलं तर किरकोळ वाटतं. सगळी एका रांगेत मांडा, म्हणजे वाट कुठे चालली आहे ते कळेल.

म्हणून हे आवाहन. एकेका स्फोटानंतर देश संतापलेला असतो आणि नेमक्या त्या आठवड्यात असे निर्णय रेटले जातात. त्या वेळी बोलायला लागणं म्हणजे वरातीमागून घोडं. बोलायचं ते आत्ता, डोकं थंड असताना.

जखम आपलीच आहे

दहशतवाद म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १२ मार्च १९९३ला मुंबईत एका दुपारी २५७ माणसं गेली. ११ जुलै २००६ला संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि पावणेदोनशेहून अधिक प्रवासी घरी पोचले नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ला सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ जण मारले गेले. २२ एप्रिल २०२५ला पहलगाममध्ये २६ जणांना गोळ्या घातल्या, त्यांत सहा जण आपले होते: डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे, पनवेलचे एक. ज्या घरांतून ही माणसं गेली, त्या घरांसमोर उभं राहून ‘तुमच्या सुरक्षेपेक्षा माझं खासगीपण मोठं’ असं म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही आणि तसं मला म्हणायचंही नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच: एन्क्रिप्शन मोडल्याने ती घरं अधिक सुरक्षित होणार नाहीत. उलट आज जी घरं सुरक्षित आहेत, तीही उघडी पडतील.

कुलूप कसलं आहे ते आधी समजून घेऊ

व्हॉट्सॲपवर किंवा सिग्नलवर तुम्ही ‘पोचले गं’ एवढं लिहून पाठवलंत, की ते दोन शब्द तुमच्याच फोनमध्ये एका गणिती कुलपात बंद होतात. त्याची किल्ली फक्त समोरच्याच्या फोनमध्ये असते. मधल्या वाटेवर कंपनीचा सर्व्हर आहे, टेलिफोन कंपनी आहे, कॅफेचं वाय-फाय आहे. या सगळ्यांच्या हाती पडतो तो अक्षरांचा काला. कंपनीने ठरवलं तरी तिला तो वाचता येत नाही, कारण किल्ली तिच्याकडे नसतेच. यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात.

भाजीवालीच्या गाडीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून तुम्ही पैसे देता, बँकेचं ॲप उघडता, डॉक्टरांना रिपोर्ट पाठवता, तेव्हाही याच जातीचं गणित तुमची राखण करत असतं. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल वकिलाशी बोलणारी बाई, वाळूमाफियाची बातमी फोडणाऱ्या तालुक्याच्या पत्रकाराला कागद पुरवणारा कारकून, सीमेवरच्या जवानाशी बोलणारं त्याचं घर, या सगळ्यांना त्याचा आडोसा आहे. पोलिसांनाही आहे. तपास अधिकारी एकमेकांशी कशावरून बोलतात, ते त्यांनाच विचारा.

आता २०२१चा नियम बघा. पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीला त्याचा ४(२) हा पोटनियम लागू होतो. संदेशातला मजकूर द्या, असं तो म्हणत नाही. पहिला पाठवणारा दाखवा, असं म्हणतो. वाजवी वाटतं. पण कुठला संदेश उद्या संशयास्पद ठरेल हे आज ठाऊक नसतं. मग पहिला पाठवणारा सापडावा म्हणून देशातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर आजच खूण करून ठेवावी लागते. एका गुन्हेगारासाठी अख्ख्या देशाच्या बोलण्याची नोंदवही.

त्या नोंदवहीतून खरा गुन्हेगार तरी मिळेल का? नियमातली एक तरतूद वाचा. मूळ संदेश परदेशातून आला असेल, तर भारतात ज्याने तो पहिल्यांदा पाठवला, त्यालाच पहिला पाठवणारा मानलं जाईल. म्हणजे दुबईहून भाच्याने एक भडक व्हिडिओ पाठवला आणि साताऱ्यातल्या मावशींनी तो ‘खरं आहे का हो हे?’ असं विचारत महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तर कागदोपत्री पहिलं नाव मावशींचं. दुबईतल्या भाच्याला तो ज्याने पाठवला, तो राहिला बाजूलाच. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची याहून सोपी सोय कुणाला सुचली नसती. आयआयटी मुंबईचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी २०१९ मध्येच, हा विषय मद्रास उच्च न्यायालयासमोर असताना, अशा खुणेच्या कल्पनेविरुद्ध तज्ज्ञ म्हणून मत दिलं होतं. नियम त्यानंतर दोन वर्षांनी आला.

‘पण दहशतवादी तेच ॲप वापरतात ना?’

वापरतात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. १० नोव्हेंबर २०२५ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ कारचा स्फोट झाला. त्यामागच्या टोळीने थ्रीमा नावाचं स्विस ॲप वापरल्याचं तपास यंत्रणांनी सांगितलं. बातमी वाचून कुणाही माणसाच्या तोंडून ‘बंद करा असली ॲपं’ हेच निघेल.

थ्रीमा बंदच होतं! मे २०२३ मध्ये केंद्राने जी चौदा मेसेजिंग ॲप बंद केली, त्या यादीत थ्रीमा होतं. ज्याला माणसं मारायची आहेत, तो बंदी आली म्हणून ॲप काढून टाकत नाही. बंदी पाळतो तो सरळमार्गी माणूस. एन्क्रिप्शनचं गणित पाठ्यपुस्तकांत आहे, त्याचे प्रोग्राम इंटरनेटवर फुकट आहेत. चांगला प्रोग्रामर चार मित्रांपुरतं ॲप घरबसल्या जुळवू शकतो. व्हॉट्सॲपचं कुलूप मोडलं, तर दहशतवादी तिथून उठून दुसरीकडे जाईल. मागे राहाल तुम्ही आणि मी, मोडक्या कुलपासकट.

मग ती टोळी यंत्रणांच्या नजरेत आली कशी? पोलिसांनी दिलेल्या माहितीप्रमाणे सुरुवात झाली ती श्रीनगरच्या नौगाम भागात ऑक्टोबरमध्ये भिंतींवर लागलेल्या जैश-ए-मोहम्मद या दहशतवादी संघटनेच्या पोस्टरांपासून. पोलिसांनी सीसीटीव्ही तपासला, पोस्टर लावणारे ओळखले, त्यांच्या चौकशीतून एका मौलवीपर्यंत आणि तिथून काही डॉक्टरांपर्यंत माग काढला. फरिदाबादला सुमारे २,९०० किलो स्फोटक सामग्री सापडली. एक कार निसटली आणि ती दिल्लीत फुटली, हे दुःख आहेच. पण जेवढं हाती लागलं, ते स्थानिक पोलिसाला एक पोस्टर खटकलं म्हणून लागलं. साऱ्या देशाचे संदेश वाचून लागलेलं नाही.

आपले हल्ले का रोखता आले नाहीत?

आपल्याच इतिहासात डोकावू. १९९३च्या स्फोटांचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरलं. ते उतरलं ते लाचेच्या पैशावर. कस्टमचे अधिकारी आणि पोलीस यांना त्या खटल्यात शिक्षा झाल्या आहेत. कुंपणानेच शेत खाल्लं, त्यात कुठल्याही सांकेतिक भाषेचा संबंध नव्हता.

२६/११चं तर काय सांगावं! कराचीतले सूत्रधार इंटरनेटवरून फोन करत होते आणि आपले अधिकारी हल्ला चालू असतानाच ते संभाषण ऐकत होते. त्या ध्वनिफिती पुढे जगाने ऐकल्या. हल्ल्याआधीही समुद्रामार्गे हल्ल्याचे, मोठ्या हॉटेलांना धोका असल्याचे इशारे आलेले होते. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने ते इशारे आणि त्यांवर न झालेली हालचाल यांची नोंद केली आहे. लष्कर-ए-तैयबाचा तंत्रज्ञ झरार शाह याच्या संगणकावर ब्रिटिश आणि भारतीय यंत्रणांची आधीपासून नजर होती, असं अमेरिकी पत्रकारांनी २०१४ मध्ये उघड केलं. मुंबईची टेहळणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीबद्दल त्याच्या दोन बायकांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना सावध केलं होतं. माहितीचा तुटवडा नव्हता. ती जोडून वेळेत हालचाल करणारं कुणी नव्हतं.

पॅरिसमध्ये १३ नोव्हेंबर २०१५ला १३० माणसं मारणाऱ्यांपैकी एकाचा फोन बाताक्लाँ नाट्यगृहाजवळच्या कचराकुंडीत सापडला. निघालो, सुरुवात करतोय, अशा अर्थाचा निरोप त्यावरून गेला होता, तोही साध्या एसएमएसने.

पुन्हा २६/११कडे येऊ. हल्लेखोरांपैकी कसाबला जिवंत पकडलं ते गिरगाव चौपाटीवर, तुकाराम ओंबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ओंबळे यांच्या हातात लाठी होती आणि त्यांनी रायफलची नळी धरून ठेवली. त्या माणसांना चांगली जॅकेटं, चांगल्या बंदुका, पुरेसं मनुष्यबळ आणि वेळेवर मिळालेली माहिती हवी होती. फोनची कुलपं मोडण्याच्या चर्चेत हा सगळा खर्च सोयीस्करपणे बाजूला पडतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

पोलिसांसाठी ठेवलेलं दार चोरही वापरतो

‘फक्त सरकारला वापरता येईल असं चोरदार ठेवू’ असं म्हटलं जातं. असं दार जगात अजून कुणाला बांधता आलेलं नाही. ज्यांनी बांधलं, त्यांचं काय झालं ते पाहा.

ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या यंत्रणेत कायदेशीर टॅपिंगची सोय होती. कुणीतरी त्या सोयीत घुसलं आणि २००४-०५ मध्ये पंतप्रधान कोस्तास करामान्लिस यांच्यासह शंभरएक बड्या लोकांचे फोन कित्येक महिने ऐकले. अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांना पोलिसांसाठी टॅपिंगची सोय ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. २०२४ मध्ये चीनशी संबंधित हॅकर त्या कंपन्यांमध्ये घुसले आणि नेमक्या त्याच यंत्रणेपर्यंत पोचले. त्यानंतर अमेरिकी अधिकाऱ्यांनीच नागरिकांना सल्ला दिला, की एन्क्रिप्ट केलेली ॲप वापरा. ज्यांनी आयुष्यभर एन्क्रिप्शनविरुद्ध तक्रार केली, त्यांच्यावर ही वेळ आली.

आणि आपल्या दारातलं उदाहरण. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला विंडोजमधलं एक भगदाड सापडलं होतं. मायक्रोसॉफ्टला सांगून ते बुजवण्याऐवजी तिने ते हेरगिरीसाठी राखून ठेवलं. ते हत्यार चोरीला गेलं आणि जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात वापरलं गेलं. त्याचा फटका न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलला बसला. संगणक बंद, कंटेनरची कामं ठप्प, बाहेर ट्रकच्या रांगा. उरणच्या रस्त्यावर ताटकळलेल्या त्या ड्रायव्हरांचा आणि अमेरिकेच्या हेरखात्याचा काय संबंध? संबंध एवढाच, की कुणीतरी एक भोक ‘आपल्या माणसांपुरतं’ म्हणून उघडं ठेवलं होतं.

ब्रिटनमध्येही हेच चालू आहे. सरकारने गुप्त आदेश काढून ॲपलकडे साठवलेल्या माहितीची वाट मागितली. चोरदार बांधण्याऐवजी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्राहकांसाठी क्लाउडवरचं सर्वांत पक्कं संरक्षणच काढून घेतलं. लंडन-लेस्टरच्या मराठी घरांतले आयफोनही त्यात आले. आपल्याकडे अशी पाळी आली तर दोनच वाटा उरतील. कंपनी कुलूप मोडून देईल किंवा निघून जाईल. व्हॉट्सॲपच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दुसरी शक्यता स्पष्ट बोलून दाखवली आहे.

किल्ली कुणाच्या हाती जाणार?

समजा, तंत्रज्ञानाची अडचण सुटली. तरी प्रश्न उरतो: किल्लीवर पहारा कुणाचा?

आज भारतात फोन टॅप करायला न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. गृहसचिव आदेश काढतात आणि तो योग्य होता का, हे तपासते सचिवांचीच समिती. केंद्रात तिचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव, राज्यात मुख्य सचिव. आदेश देणारे आणि तपासणारे एकाच मजल्यावरचे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएलच्या खटल्यात काही बंधनं घातली, २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तरी ही रचना हललेली नाही. २०२४च्या नव्या नियमांतही न्यायाधीश नाही.

ही तपासणी कशी चालते? मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८च्या अहवालात माहिती अधिकारातून बाहेर आलेला आकडा दिला आहे: एकट्या केंद्र सरकारचे महिन्याला साडेसात ते नऊ हजार टॅपिंग आदेश. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश. दिवसभर चहासुद्धा न घेता काम केलं, तरी एका आदेशाला दोन सेकंद मिळत नाहीत.

दोन सेकंदांत काय काय निसटतं, त्याचे नमुने आपल्याच राज्यात आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. सार्वजनिक सुरक्षेला धोका असल्याशिवाय फोन ऐकता येत नाही आणि इथे तसा धोका नव्हता, म्हणून ध्वनिफिती नष्ट करायला सांगितलं. सीबीआयच्या त्या प्रकरणातला माणूस उद्योजक होता, त्याला मोठा वकील करणं परवडलं. आपला फोन ऐकला गेला, हे ज्याला कधी कळतच नाही, त्याने कुठे जायचं? २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं, की ‘अमजद खान’ या खोट्या नावाने, अमली पदार्थांचा तस्कर असल्याचं दाखवून आपला फोन टॅप झाला. गुन्हे दाखल झाले, सरकार बदललं, २०२३ मध्ये ते गुन्हे उच्च न्यायालयात रद्द झाले. खरं-खोटं काय, ते सामान्य माणसाला आजतागायत कळलेलं नाही. पक्ष कुठलाही असो, आज ज्याच्या हाती हे यंत्र आहे तो उद्या त्याचंच सावज असू शकतो. राजकारण्यांनी तरी हे ओळखावं.

फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या पेगासस या सॉफ्टवेअरचं प्रकरण याहून मोठं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगाससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही. आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितलं.

शिवाय अधिकार एकदा दिला की तो पसरतो. डिसेंबर २०१८ मध्ये संगणकातली माहिती अडवण्याचे, उकलण्याचे अधिकार ज्या दहा यंत्रणांना मिळाले, त्यांत प्रत्यक्ष कर मंडळही आहे. २०२५चा नवा आयकर कायदा झडतीच्या वेळी ईमेल आणि क्लाउडचे पासवर्ड ओलांडून आत जाण्याची मुभा देतो. म्हणजे ‘दहशतवाद’ म्हणून सुरू झालेली गोष्ट हिशेबाच्या वह्यांपर्यंत येऊन पोचली.

कर नाही त्याला डर कशाला?

हा प्रश्न तुम्हाला कट्ट्यावर, लग्नात, ट्रेनमध्ये कुणीतरी विचारणारच. उत्तर तयार ठेवा.

पहिलं उत्तर: ‘कर’ होता की नाही हे ठरवणारा दुसराच कुणी असतो. मालेगावच्या २००६च्या स्फोटात अटक झालेल्यांना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने दोषमुक्त केलं, तोवर त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली होती. ११ जुलैच्या लोकल स्फोटांतल्या बाराही आरोपींना २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं. त्याविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. शेवटी काहीही ठरो, एकोणीस वर्षांनी मृतांच्या घरच्यांच्या हाती ना खात्रीचा गुन्हेगार लागला, ना समाधान. सैल अधिकार आणि कच्चा तपास यांनी त्यांना हे दिलं.

दुसरं उत्तर: डर चोराचा आहे. कुलूप सैल झालं, की ‘डिजिटल अटक’ करणारा ठग, तुमच्या मुलीचे फोटो मागणारा ब्लॅकमेलर आणि शत्रूदेशाचा हॅकर, तिघेही त्याच फटीतून येतात.

मग पोलिसांनी करायचं काय?

बँकेच्या लॉकरचं कसं असतं? गुन्ह्यातला माल एखाद्या लॉकरमध्ये आहे असा संशय आला, तर पोलीस रीतसर हुकूम आणतात, पंच बोलावतात, तो एक लॉकर फोडतात आणि पंचनामा करतात. शहरातल्या सगळ्या लॉकरांची जादा किल्ली चौकीत आणून ठेवा, असं कुणी म्हणत नाही. फोनला हाच न्याय लावा.

पोलिसांचे हात बांधा, असं कुणीही म्हणत नाही. एन्क्रिप्शन शाबूत ठेवूनही त्यांना पुष्कळ काही मिळतं: कोण कुणाशी कधी बोललं, फोन कुठल्या टॉवरखाली होता, पैसा कुठून आला, कुठल्या क्रमांकाशी संपर्क होता. संशयिताचा फोन जप्त करता येतो. युरोपात २०२० मध्ये फ्रेंच आणि डच पोलिसांनी गुन्हेगारांसाठीच बनलेल्या एन्क्रोचॅट यंत्रणेत शिरून मोठ्या टोळ्या उघड्या पाडल्या. त्यांनी बाकीच्या युरोपचे फोन उघडे ठेवायला सांगितलं नाही. त्या पुराव्यांवरही तिथल्या न्यायालयांत वाद झाले, आणि ते होणंच योग्य.

म्हणून आपल्या मागण्या अशा:

१. २०२१च्या नियमांतला ४(२) हा पोटनियम मागे घ्या. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन कमकुवत करण्याची सक्ती कुठल्याही कंपनीवर करणार नाही, हे कायद्यात लिहा.

२. फोन ऐकायचा, संदेश वाचायचा किंवा फोनमध्ये शिरायचं तर न्यायाधीशाचं वॉरंट हवं. नाव, कारण आणि मुदत लिहिलेलं. खरोखर आणीबाणी असेल तर आधी कारवाई करा, पण ४८ तासांत न्यायाधीशासमोर या.

३. किती आदेश निघाले, किती नाकारले गेले, किती खटल्यांत उपयोग झाला, याचे आकडे दरवर्षी संसदेत आणि विधिमंडळात ठेवा. नावं नकोत, आकडे द्या.

४. तपास संपल्यावर, धोका उरला नसेल तर, ज्याचा फोन ऐकला त्याला कळवा. बेकायदा टॅपिंग करणाऱ्याला शिक्षा आणि ज्याचा फोन टॅप झाला त्याला भरपाई द्या.

५. पैसा खऱ्या कामावर खर्च करा: सागरी पोलिसांच्या बोटी आणि त्यांचं डिझेल, ठाण्यातली रिकामी पदं, सायबर तपासाचं प्रशिक्षण, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत तपासणीसाठी पडून राहिलेले फोन.

आणि तुम्ही काय करायचं?

‘आपल्या बोलण्याने काय होतंय’ असं म्हणू नका. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्राने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आणला होता. आपले संदेश साध्या, वाचता येईल अशा रूपात नव्वद दिवस जपून ठेवा, असं त्यात नागरिकांना सांगितलं होतं. गदारोळ झाला आणि मसुदा दोन दिवसांत मागे गेला. डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप सक्तीने घालण्याचा आदेश असाच आठवड्याच्या आत मागे घ्यावा लागला. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती गेल्या आणि मसुद्यात बदल करावे लागले. ते बदल पुरेसे होते का, हा वाद वेगळा. पण पत्र लिहिणाऱ्यांची दखल घ्यावी लागली, हे खरं.

म्हणून या महिन्यात एवढं करा.

आपल्या खासदाराला मराठीत एक पानाचं पत्र लिहा. वरच्या पाच मागण्या उतरवा आणि एक प्रश्न विचारा: ‘तुम्ही संसदेत हे विचारणार का? हो की नाही?’ उत्तर आलं तर ते वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहाराकडे पाठवा. नाही आलं तर तेही पाठवा.

माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या गृह विभागाकडे करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. गेल्या तीन वर्षांत टॅपिंगचे किती आदेश निघाले आणि पुनर्विलोकन समितीने किती रद्द केले, एवढंच विचारा. नकार आला तर अपील करा. एका जिल्ह्यातून दहा अर्ज गेले तरी मंत्रालयात त्यांची फाइल होते.

वकील संघ, पत्रकार संघ, ग्रंथालय, महिला मंडळ, गृहनिर्माण संस्था, ज्यात तुम्ही असाल तिथे ठराव मांडा. ग्रामसभेतही मांडता येतो. विरोधात बोलणाऱ्याला पूर्ण बोलू द्या. त्याची भीतीही खरी आहे आणि तिचं उत्तर देणं आपलं काम आहे.

आपला फोन आधी नीट करा. व्हॉट्सॲपचा बॅकअप आपोआप एंड-टू-एंड एन्क्रिप्ट होत नाही, ते संरक्षण सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवरही लावून द्या.

आणि नागरिक म्हणून आपली बाजूही चोख ठेवा. खात्री नसलेला भडक मजकूर पुढे ढकलू नका. बेवारस बॅग, संशयास्पद साठा, बंदरावरची खटकणारी हालचाल दिसली तर ११२ला फोन करा. ज्या पोलिसांवर वॉरंटचं बंधन मागतो, त्यांना डोळे आणि कान म्हणून मदत करणं हेही आपलंच काम. हल्ले टळतात ते सावध माणसांमुळे आणि त्यांचं ऐकणाऱ्या यंत्रणेमुळे.

पुढचा हल्ला होऊ नये, यासाठी सगळेच झटू. पण तो झालाच, तर त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी माइकसमोर उभं राहून तुमच्या फोनची किल्ली मागेल. त्या दिवशी त्याला द्यायचं उत्तर आज लिहून, सही करून, पोस्टात टाका.